खाडी ते खाडी: एसटी आणि फेरीबोटीने अलिबाग ते रत्नागिरी

मी आणि माझी नणंद, दोघीही पन्नाशी उलटलेल्या, ठाण्याहून निघालो आणि नऊ दिवसांनी रत्नागिरीला पोचलो. स्वतःची गाडी नाही, टूरवाला नाही. लाँच, एसटी, फेरीबोट, सहा आसनी रिक्षा आणि एकदा चक्क खारी-बटरचा टेम्पो. परतल्यावर ओळखीतल्या निदान दहा जणींनी 'कसं केलंत ते नीट लिहून दे' म्हटलं, म्हणून हे लिहिते आहे. पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी आहे. कोकणात ज्यांचं घर आहे त्यांना यातलं बरंच पाठ असेल.

आधी एक गोष्ट समजून घ्या. मुंबई-गोवा महामार्गाने कोकण पाहणं वेगळं आणि किनाऱ्याने जाणं वेगळं. किनाऱ्याला दर तीस-चाळीस किलोमीटरवर एक खाडी आडवी येते. समोरच्या गावातल्या देवळाची घंटा ऐकू येते, पण रस्त्याने जायचं तर खाडीला वळसा घालून अर्धा दिवस जातो. तेच फेरीबोटीने दहा-पंधरा मिनिटं. त्यामुळे या प्रवासाचा आराखडा किलोमीटर मोजून होत नाही. कुठली खाडी कुठल्या दिवशी, किती वाजता ओलांडायची, एवढं ठरवलं की बाकीचं आपोआप जुळतं.

आमच्या वाटेवर फेरीच्या चार खाड्या होत्या: आगरदांडा ते दिघी (राजपुरीची खाडी), बागमांडला ते वेश्वी (सावित्रीची म्हणजे बाणकोटची खाडी), दाभोळ ते धोपावे (वाशिष्ठी) आणि तवसाळ ते जयगड (शास्त्री). रेवदंड्याच्या खाडीवर पूल आहे, तिथे एसटीतूनच पलीकडे जाता येतं. रेवस-रेडी सागरी महामार्गाचे पूल झाले की या फेऱ्यांचं काय होईल कोण जाणे. ज्यांना करायचंय त्यांनी फार पुढे ढकलू नये.

१. महिना ठरवा, मग तिथी पाहा

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. एप्रिल-मे महिन्यांत आंबा मिळतो, पण घामाने जीव जातो आणि सुट्टीमुळे खोल्या मिळत नाहीत. पावसाळ्यात कोकण सुंदर दिसतं हे खरं, पण गेटवे ते मांडवा लाँच बंद असतात, जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात, आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असल्याने ताज्या माशांच्या आशेने जाणाऱ्याची निराशा होते.

गणपतीत आणि शिमग्याला पर्यटक म्हणून जाऊ नका. चाकरमानी गावाला आलेले असतात, एसटीच्या नेहमीच्या गाड्या जादा वाहतुकीला वळवलेल्या असतात, आणि घरगुती मुक्कामवाल्यांकडे स्वतःचेच पंधरा पाहुणे असतात. अर्थात शिमग्यात कुणी ओळखीच्याने घरी बोलावलं तर एक क्षण विचार न करता जा. ग्रामदेवतेची पालखी घरोघरी येते, नाचवतात, ते पाहायला मिळणं भाग्याचं.

आता तिथी. हे मला अलिबागला पहिल्याच दिवशी कळलं, तेही फजिती होऊन. कुलाबा किल्ला ओहोटीला चालत जाता येतो एवढं वाचलं होतं. आम्ही मांडव्याहून येऊन, खोलीवर सामान टाकून साडेअकराला समुद्रावर हजर. किल्ला समोर, मधे पाणी, आणि पाणी आमच्याच दिशेने येत होतं. किल्ल्यावर नेणारा एक घोडागाडीवाला घोड्याला सावलीत बांधून डबा खात बसला होता. त्याला विचारलं, आता कधी जाता येईल? त्याने मान वर न करता उलट विचारलं, "काकू, आज तिथी कोणती?"

मला कुठली आठवायला. नणंदेला माहीत होतं, दुसऱ्या दिवशी तिची संकष्टी होती. म्हणाली, तृतीया.

"तिला पाऊणपट करा. तीन पाऊणे सव्वादोन. सव्वादोनला भरती पुरी. उद्या चौथ, उद्या तीनला. म्हणजे उद्या सकाळी नऊला ओहोटी. साडेआठला या, दहाच्या आत परत फिरा."

हा हिशेब किनाऱ्यावरच्या माणसांना तोंडपाठ असतो. प्रतिपदेला पाऊण वाजता, द्वितीयेला दीड, तृतीयेला सव्वादोन, चतुर्थीला तीन, पंचमीला पावणेचार, असं पौर्णिमा-अमावस्येपर्यंत. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. दिवसात भरती दोनदा येते, त्यामुळे दुपारी तीनला असेल तर पहाटेही त्याच सुमाराला होऊन गेलेली असते, आणि दोन्हींच्या मधोमध ओहोटी. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरून चाला. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पाणी खूप चढतं आणि खूप ओसरतंही. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, तेव्हा पाणी धड चढत नाही, धड ओसरत नाही. कुलाब्याला चालत जायचं तर भांगाचे दिवस टाळा, वाळू पूर्ण उघडी पडत नाही. मोबाइलवर भरतीची वेळापत्रकंही मिळतात, ती जरूर पाहा. पण रेंज गेल्यावर भिंतीवरचं कॅलेंडर कामाला येतं.

या वाटेवर भरती-ओहोटी पाहून जायची ठिकाणं तीन. कुलाबा किल्ला आणि हरिहरेश्वरची प्रदक्षिणा, इथे ओहोटी हवी. हेदवीची बामणघळ, इथे भरती हवी. ही तीन कागदावर लिहा, शेजारी तुमच्या तारखांच्या तिथी लिहा. अर्धा आराखडा इथेच झाला.

२. जवळ काय ठेवायचं

- आधार कार्ड, मूळ प्रत. मुक्कामाच्या ठिकाणी लागतंच. ६५ ते ७५ वयाच्यांना एसटीत अर्धं तिकीट आणि ७५ च्या पुढे मोफत प्रवास आहे, त्यालाही वयाचा पुरावा लागतो. बायकांना २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे आमचा गाडीखर्च हसू येईल इतका कमी झाला.
- रोख पैसे, आणि त्यात दहा-वीस-पन्नासच्या नोटा भरपूर. फोनवरून पैसे देणं बहुतेक ठिकाणी चालतं, पण धक्क्यावर रेंज गेली की सगळे एकमेकांकडे बघत बसतात. सकाळच्या पहिल्या एसटीत पाचशेची नोट काढलीत तर कंडक्टर जे बोलेल ते ऐकून घ्या.
- पाठीवरची किंवा खांद्याची एकच बॅग, मांडीवर मावेल एवढी. चाकांची बॅग नको. फेरीबोटीच्या उतारावर शेवाळ असतं, आणि गावातल्या पाखाड्यांवर, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटांवर, ती चाकं म्हणजे शिक्षा.
- पकड असलेल्या चपला किंवा सँडल. ओल्या खडकावर गुळगुळीत तळव्याची चप्पल घालून गेलेल्या एका काकांना हरिहरेश्वरला आमच्या डोळ्यांदेखत बसकण मारावी लागली.
- विजेरी, डासांचं मलम, पाण्याची बाटली.
- गाडी लागत असेल किंवा बोट लागत असेल तर अव्होमिनच्या गोळ्या आणि आवळासुपारी. दापोली ते दाभोळ रस्त्याची वळणं अनुभवी माणसालाही हलवतात.
- ज्यात रोजची तिथी आहे असं छोटं कॅलेंडर.

३. मुंबईतून बाहेर: लाँचने मांडवा

अलिबागला रस्त्याने जाण्यात काही हशील नाही. गेटवेवरून लाँच घ्या, तासाभरात मांडवा. काही लाँचवाल्यांच्या तिकिटातच मांडवा ते अलिबाग बस धरलेली असते. तिकीट काढतानाच विचारा आणि ते जपून ठेवा, बसमध्ये चढताना दाखवावं लागतं. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मोठी रो-रो बोटही आहे, तिच्यात मोटारीही चढतात. तुमच्याकडे मोटार नाही, तेव्हा गेटवे बरा.

शनिवारी सकाळी निघू नका. शनिवारी अर्धी मुंबई अलिबागला जाते. मंगळवार-बुधवारी निघालात तर पुढचे चार दिवस खोल्याही शांत मिळतात.

अलिबागला कुलाबा किल्ला पाहाच. आत गणपतीचं देऊळ आहे आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना गोड्या पाण्याची विहीर. आम्ही चतुर्थीला सकाळी साडेआठला गेलो, घोटाभर पाणी होतं. सव्वादहाला परतताना तेच पाणी पोटरीपर्यंत आलेलं. घोडागाडीवाल्याने 'दहाच्या आत' सांगितलं होतं ते उगाच नाही. किल्ल्यावर फोटो काढत बसणारे अडकतात, मग पुढच्या ओहोटीपर्यंत तटावर बसून समुद्र बघायचा.

४. एसटी वाचायला शिका

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर.

ऑनलाइन आरक्षणात दिसतात त्या लांब पल्ल्याच्या गाड्या. अलिबाग-मुरूड, श्रीवर्धन-हरिहरेश्वर, दापोली-दाभोळ असल्या गावगाड्या तिथे शोधू नका. त्या चौकशीच्या खिडकीवर विचारायच्या. स्थानकाच्या भिंतीवर रंगवलेलं वेळापत्रक वाचून विश्वास ठेवू नका. त्यातल्या काही गाड्या बंद होऊन रंगसुद्धा उडालेला असतो. वाहतूक नियंत्रकाला विचारा, आणि त्याच फलाटावर बसलेल्या एखाद्या रोजच्या प्रवाशालाही विचारा. दोघांचं उत्तर जुळलं तर गाडी आहे.

प्रश्न कसा विचारायचा तेही सांगते. 'दिवेआगरला गाडी आहे का?' असं विचारलंत तर 'आहे' एवढंच उत्तर येतं. 'दिवेआगरला आता पुढची गाडी किती वाजता, आणि शेवटची किती वाजता?' असं विचारा.

पाटीवर गावाच्या नावाखाली 'मार्गे' काय लिहिलंय ते बघा. एकाच गावाला दोन वाटांनी गाड्या जातात, एक तासाभरात पोचते आणि दुसरी प्रत्येक वाडीला नमस्कार करत जाते.

रविवारचा सापळा: आतल्या गावांच्या बऱ्याच फेऱ्या शाळेच्या मुलांसाठी असतात. रविवारी आणि शाळेच्या सुट्टीत त्या धावत नाहीत. आठवडाभर दर तासाला असलेली गाडी रविवारी एकदम तीन तासांनी येते. आमचा रविवार हरिहरेश्वरला मुक्कामातच काढायचा असं ठरवलं होतं, ते शहाणपणाचं ठरलं.

आणि वस्तीची गाडी. संध्याकाळी तालुक्याहून निघून गावात जाते, रात्री तिथेच थांबते आणि पहाटे परत निघते. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात किंवा शाळेत झोपतात. तुम्ही ज्या गावात राहाल तिथे वस्तीची गाडी येते का आणि सकाळी किती वाजता सुटते, हे घरमालकिणीला रात्री जेवताना विचारून ठेवा. पहाटे साडेपाचला उठायला जिवावर येतं, पण ती एक गाडी पकडली की दिवस हातात राहतो. शिवाय पहाटेच्या धुक्यात सुपारीच्या वाड्यांमधून जाणारी रिकामी एसटी, कंडक्टर मफलर गुंडाळून तिकिटं फाडतोय आणि मागच्या बाकावर कोळणींच्या पाट्या, हे मोटारीतून जाणाऱ्याला कधी दिसायचं नाही.

'आवडेल तेथे प्रवास' हा एसटीचा चार आणि सात दिवसांचा पास आहे. लांबच्या प्रवासाला छान. इथे टप्पे इतके छोटे आहेत की तो वसूल होत नाही, बायकांचं तर अर्धं तिकीटच आहे.

५. मुरूड-जंजिरा आणि पहिली खाडी

अलिबागहून मुरूडचा रस्ता रेवदंडा, कोर्लई, काशीद असा समुद्राला धरून जातो. उजवीकडची खिडकी पकडा.

जंजिऱ्यासाठी मुरूडहून रिक्षाने राजपुरीला जायचं. तिथून शिडाच्या होड्या जातात. होडीवाला किल्ल्यावर तासभर, कधी त्याहून कमी वेळ देतो आणि ज्या होडीने गेलात त्याच होडीने परत यायचं असतं, म्हणून होडीचा माणूस लक्षात ठेवा. किल्ल्याच्या दरवाजाशी होडी हेलकावत असते, तिथे पायरीवर उडी मारावी लागते. गुडघ्यांचा त्रास असेल तर आधीच सांगा, दोघं मिळून हात देतात. सिद्दीचा हा किल्ला ना शिवाजी महाराजांना मिळाला, ना संभाजी महाराजांना. समुद्रात भराव टाकून वाट करण्याचा प्रयत्नही झाला होता. पायरीवर ती उडी मारली की 'का मिळाला नाही' ते लगेच कळतं. तीन-चार फूट वर-खाली होणाऱ्या होडीतून लढायला कोण कसं चढणार?

आगरदांड्याची फेरी मोठी, मोटारी-ट्रक नेणारी. पायी माणसाला तिकीट अगदी थोडं. चढताना गाड्या आधी की माणसं आधी ते तिथला माणूस ओरडून सांगतो. उतरताना मात्र गाड्यांची इंजिनं सुरू व्हायच्या आत बाजूने पुढे सटका. पलीकडे उभी असलेली एसटी त्या गर्दीची वाट बघत नाही.

६. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर: इथे वेळ काढा

दिवेआगरच्या बागेत १९९७ मध्ये पेटीत सोन्याचा गणपतीचा मुखवटा सापडला, २०१२ मध्ये दरोडा पडून तो गेला, आणि २०२१ मध्ये पुन्हा घडवून बसवला. देऊळ पाहा, पण दिवेआगरचा खरा आनंद वाडीत राहण्याचा. नारळ-सुपारीच्या वाडीत मागच्या बाजूला दोन-चार खोल्या बांधलेल्या असतात. आमच्या खोलीच्या पायरीसमोरच अंगणभर सुपारी वाळत घातलेली, शेंदरी रंगाची, आणि घरच्या आजी पायाने ती उलथत फिरत होत्या. रात्री झोपताना वाळत्या सुपारीचा वास थेट उशीपर्यंत येत होता.

जेवणाचा नियम सगळीकडे एकच: आधी सांगावं लागतं. दुपारचं जेवण सकाळी नाश्त्याच्या वेळी, रात्रीचं दुपारी चारच्या आत. अवेळी जाऊन 'काहीतरी द्या' म्हटलंत तर ते देतील, पण वरण-भात आणि लोणचं. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगा. मासे खाणाऱ्यांनी खोली ठरवतानाच विचारावं. देवळाजवळच्या पुष्कळ घरांत फक्त शाकाहारी करतात आणि बाहेरून आणलेलंही चालत नाही. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, श्रीवर्धनला भरपूर मिळतात. माशांच्या थाळीचा भाव त्या दिवसाच्या बाजारावर असतो, बसण्याआधी विचारलंत तर कुणी रागवत नाही.

श्रीवर्धन हे पेशव्यांचं, बाळाजी विश्वनाथांचं गाव. इथली रोठा सुपारी घ्या. फोडायला मऊ, आणि नणंदेच्या मते मुंबईत मिळते ती सुपारी नव्हेच.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा डोंगराला वळसा घालून, पायऱ्या उतरून थेट समुद्राच्या खडकांवरून जाते. लाटांनी खडकाला अशी काही जाळी पाडली आहे की बघत राहावं. पण इथे लाटेने माणसं ओढून नेली आहेत. भरतीला, उधाणाच्या दिवसांत आणि अंधार पडताना खाली उतरू नका, देवळातल्या माणसाने 'आता नको' म्हटलं तर वाद घालू नका. आम्ही षष्ठीला गेलो. साडेचारची भरती, म्हणजे ओहोटी साडेदहाला. बरोबर दहाला उतरलो आणि निवांत फिरून आलो.

७. फेरी मिळाली म्हणजे पोचलो, असं नव्हे

ही माझी सगळ्यात मोठी चूक, म्हणून वेगळं कलम.

हरिहरेश्वरहून बागमांडला अगदी जवळ. फेरी दिवसभर असते म्हणून आम्ही सुशेगाद निघालो. दुपारची वामकुक्षी, चहा, मग रिक्षा. साडेपाचच्या फेरीने सावित्री ओलांडली, सूर्य खाडीच्या तोंडाशी आलेला, फोटो काढले, खूश. वेश्वीला उतरलो. मोटारी भराभर वर निघून गेल्या. पाच मिनिटांत धक्क्यावर आम्ही दोघी, एक कुत्रा आणि टपरी बंद करणारा मुलगा. केळशीकडे जाणारी गाडी? "ती कधीच गेली." रिक्षा? "लग्नाला गेल्यात सगळ्या." आणि फोनला रेंज नाही.

डिसेंबरात साडेसहाला काळोख पडतो. खारी-बटर घेऊन गावोगावच्या दुकानांत टाकत फिरणारा टेम्पो खाडी ओलांडून आला नसता, तर आम्ही तशाच परत हरिहरेश्वरला गेलो असतो. टेम्पोवाल्याने पुढे बसवलं, वाटेत चार दुकानांत माल उतरवला, आणि साडेआठला केळशीला सोडलं. पैसे घेतले नाहीत. केळशीच्या घरमालकीणबाई दारात उभ्या. "अहो, निघायच्या आधी मला एक फोन करायचा की! मी इथून रिक्षा पाठवली असती."

त्या एका वाक्यातून आमचा नियम झाला आणि पुढचे सगळे दिवस पाळला: फेरीची वेळ आज जिथे आहात तिथे विचारा, पण पलीकडच्या गाडीची वेळ उद्या जिथे राहणार तिथे आदल्या रात्री फोन करून विचारा. अलीकडच्या माणसाला पलीकडची एसटी माहीत नसते, त्याला तिचं काही कामच पडत नाही. आणि दुपारी एकच्या आत खाडी ओलांडा. दिवसाला खाडी एकच. नकाशावर दोन सहज होतील असं दिसतं, होत नाहीत.

फेब्रुवारी-मार्चमध्ये जात असाल तर वेश्वीहून वेळासला मुक्काम करा. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी समुद्रात सोडतात. पिल्लं कधी बाहेर येतील ते कासवांच्या मर्जीवर, म्हणून एका रात्रीची नाही, दोन रात्रींची तयारी ठेवा. आम्ही डिसेंबरात होतो, आमच्या नशिबी खारी-बटर.

८. केळशी ते गुहागर

केळशीहून आंजर्ले. कड्यावरचा गणपती उजव्या सोंडेचा, वर गेल्यावर खाली नारळाच्या शेंड्यांचा समुद्र आणि त्यापलीकडे खरा समुद्र. पुढे हर्णै. इथे संध्याकाळी किनाऱ्यावर माशांचा लिलाव होतो. खरेदी करायची नसली तरी उभं राहा, पण कडेला. डोक्यावर पाटी घेतलेली बाई तुमच्यासाठी थांबणार नाही. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग.

दापोलीला फारसं थांबू नका, गाड्या बदलायला आणि एटीएमसाठी ठीक. दापोली-दाभोळ एसटीत पुढच्या बाजूला बसा (गोळी आठवते ना?). दाभोळ-धोपावे फेरी २००३ पासून चालू आहे. धोपाव्याहून गुहागर जवळ. समुद्रकिनारा लांबलचक आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी जवळजवळ रिकामा. व्याडेश्वराचं देऊळ एसटी स्टँडपासून चालण्याच्या अंतरावर.

९. हेदवी, चौथी खाडी आणि गणपतीपुळे

हेदवीची बामणघळ म्हणजे खडकात पडलेली अरुंद चीर. भरतीच्या लाटा तिच्यात घुसून तोफेसारख्या वर उडतात. आम्ही दशमीला दुपारी एकला पोचलो. हिशेब केलात? दशमीची भरती साडेसातला, म्हणजे दीडला पूर्ण ओहोटी, त्यात भांगाचे दिवस. तळाशी वीतभर पाणी डुचमळत होतं. सगळा नियम पाठ करून शेवटच्या ठिकाणी मीच तो विसरले. तुम्ही पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास, दुपारी बाराच्या सुमाराला जा. दशभुज गणपतीचं देऊळ मात्र केव्हाही पाहता येतं.

तवसाळहून जयगडला उतरलात की गणपतीपुळ्याची एसटी. वाटेत मालगुंडला केशवसुतांचं घर आहे, अर्धा तास द्या. गणपतीपुळ्याला अंगारकीला आणि लाँग वीकेंडला जाऊ नका. डोंगर हाच गणपती, म्हणून प्रदक्षिणा डोंगराला. समुद्र इथला फसवा आहे, उतार एकदम खोल जातो. पाण्यात उतरण्याबद्दल पाट्या लावल्यात त्या गंमत म्हणून नव्हेत.

तिथून रत्नागिरीला दोन वाटा आहेत. आरे-वारे मार्गे जाणारी गाडी मिळाली तर तीच घ्या, दुसरीत समुद्र दिसत नाही.

१०. परतीचं तिकीट

हे खरं तर सगळ्यात आधी करायचं. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि कोकण रेल्वेची तिकिटं पटापट संपतात. तारीख ठरली की परतीचं काढून टाका आणि आराखड्यात एक दिवस मोकळा ठेवा. तो कुठेतरी लागतोच.

रत्नागिरीत अर्धा दिवस पुरतो: टिळकांचं जन्मस्थान, पतितपावन मंदिर आणि ब्रह्मदेशच्या राजाला ठेवलं होतं तो थिबा राजवाडा. राजवाड्यातलं संग्रहालय सोमवारी बंद असतं. रेल्वे स्टेशन शहरापासून बरंच बाहेर आहे. शहर बस किंवा रिक्षा धरा आणि निदान तासभर आधी निघा.

तिकीट शेवटपर्यंत प्रतीक्षा यादीतच राहिलं तर घाबरायचं कारण नाही, रत्नागिरी स्टँडवरून मुंबईकडे रात्रीच्या एसटी असतात. फक्त घाट लागतात. अव्होमिनची एक गोळी शेवटपर्यंत शिल्लक ठेवा.